नंतर बघू

डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा, हे आमच्या घरात चहा निवायच्या आत ठरलं. कशासाठी घ्यायचा, हे मात्र तो टीव्हीखाली येऊन बसला तरी ठरायचंच होतं. आपल्याकडे हा क्रम तसा नेहमीचाच. वस्तू ‘असलेली बरी’ असं आधी ठरतं आणि मग तिचा उपयोग काय, या शोधाला घरदार लागतं.

ही गोष्ट २००६ सालच्या पुण्यातली. घरोघरचे व्हीसीआर अजून जागेवर होते, पण त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल आले होते. यंत्राच्या डोक्यावर रुमाल आला की त्याची नोकरी संपली असं समजावं. तिकडे जपानात पायोनियर कंपनीने १९९९ च्या अखेरीस पहिला डीव्हीडी रेकॉर्डर विकायला काढला होता. तो आमच्या सोसायटीत पोचायला सहाएक वर्षं लागली आणि पोचला तो थेट समोरच्या ब्लॉकमध्ये, निवृत्त बँक मॅनेजर काकांकडे. समोरच्या ब्लॉकमध्ये आलेली वस्तू आपल्यालाही परवडते, हा आमच्या मजल्यावरचा अर्थशास्त्राचा नियम आहे. तो कुठल्याही पुस्तकात नाही, पण त्याच्या जोरावर अख्खा तिसरा मजला वॉशिंग मशीनवाला झाला.

घरात एकेकाला विचारलं, की बाबा रे, तुला नक्की काय रेकॉर्ड करायचंय? आई म्हणाली, ‘वादळवाट’. तिने ‘वादळवाट’चा एकही भाग चुकवलेला नव्हता. पाहुणे आले तर पाहुण्यांना ती मालिका बघावी लागे. मग रेकॉर्ड कशाला? “अरे, चुकला म्हणजे?” अण्णांना क्रिकेटचे सामने हवे होते. तेही त्यांनी पहिल्या चेंडूपासून बघितलेलेच असत. बायकोला आमच्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर घ्यायची होती. मला स्वतःला दूरदर्शनवर रात्री उशिरा लागणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या मैफली हव्या होत्या. त्या वेळी मी झोपलेला असतो. जागा असतो तेव्हा मी त्या ऐकल्या असत्या का, हा प्रश्न कोणी विचारला नाही, हा घरच्यांचा चांगुलपणा.

खरं सांगायचं तर आपण रेकॉर्ड करतो ते बघण्यासाठी नव्हेच. बघण्यातून सुटका व्हावी म्हणून. ‘रेकॉर्ड करून ठेवलंय’ असं म्हटलं, की बघितल्याचं अर्धं पुण्य पदरात पडतं आणि उरलेल्या अर्ध्याची घाई नसते. आमच्याच पिढीने ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणलेत. संध्याकाळी रिक्षातून यंत्र यायचं, सोबत तीन कॅसेटी. सकाळी सगळं परत. त्यामुळे चाळीतल्या झाडून साऱ्यांनी तिन्ही सिनेमे बघितलेच पाहिजेत, नाहीतर भाडं वाया. तिसरा सिनेमा पहाटे तीनला लागे. तो कोणालाच आवडलेला नसे, पण उठून गेला असा एक माणूस नसे. काही जण बसल्या जागी झोपत, पण बसलेले असत. पुढे ज्यांच्या घरी स्वतःचा व्हीसीआर आला त्यांनी तीनशे कॅसेटी साठवल्या आणि त्या कपाटाला कुलूप लावलं.

असो. आम्ही बाजारात गेलो. आम्ही म्हणजे मी, अण्णा आणि चिरंजीव. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही घ्यायचं तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात आणि पुणेकर तपकीर गल्लीत जाऊन “लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतं” असं सांगतात. दुकानातल्या पोराने पहिलाच प्रश्न टाकला, “साहेब, प्लस की मायनस?”

मला वाटलं बॅटरीचं विचारतोय. ते तसं नव्हतं. कोऱ्या तबकड्यांच्या दोन जाती होत्या. एक डीव्हीडी मायनस आर, तिच्यामागे डीव्हीडी फोरम नावाची कंपन्यांची संघटना. दुसरी डीव्हीडी प्लस आर, तिच्यामागे फिलिप्स, सोनी, एचपी वगैरेंची वेगळी आघाडी. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हीवर मजकूर तेवढाच मावणार, दोन्ही हातात धरल्या तर कंपनीच्या इंजिनिअरलाही छाप वाचल्याशिवाय ओळखू येणार नाहीत. पण एकीवर लिहिणारं यंत्र दुसरीला ओळख देईलच असं नाही. तीस वर्षांपूर्वी बीटामॅक्स आणि व्हीएचएस हेच भांडले होते. त्यातून जगाने घेतलेला धडा एवढाच, की पुढचं भांडण जास्त बारीक अक्षरात करावं.

“प्लस घ्या,” पोरगा म्हणाला. “का?” “प्लस आहे ना साहेब.”

चिरंजीवांनी तिसऱ्या जातीचा विषय काढला. डीव्हीडी रॅम. ही पॅनासोनिकवाल्यांची लाडकी. साधी रीराइटेबल तबकडी हजारेक वेळा पुसून लिहिता येते, रॅम म्हणे एक लाख वेळा. हे ऐकून अण्णांनी डोळे मिटले. अण्णा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आकडा ऐकला की त्यांना तो पडताळून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. “रोज एकदा पुसून लिहिलं तर पावणेतीनशे वर्षं,” ते डोळे उघडून म्हणाले. “म्हणजे इथून पलीकडे शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली १७३२ साली, त्या दिवसापासून रोज रेकॉर्ड करत आलो असतो तर यंदा तबकडी बदलायला आली असती.” दुकानात क्षणभर शांतता. मग पोरगा म्हणाला, “पण काका, ती रॅम दुसऱ्या कुठल्या प्लेयरवर फारशी चालत नाही.” पेशवाईचं रेकॉर्डिंग तिथेच थांबलं.

खरा प्रसंग उभा राहिला तो तबकडीच्या मापावरून. वेष्टनावर छापलं होतं ४.७ जीबी. चिरंजीव सहज बोलून गेले, की कॉम्प्युटरमध्ये घातली तर ती ४.३८ च दिसते. अण्णा ताठ झाले. चिरंजीवांनी समजावलं, की कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीस गुणिले एक हजार चोवीस गुणिले एक हजार चोवीस असा हिशेब करतो. बाइट तेवढेच, मोजायची तऱ्हा वेगळी.

“म्हणजे दोन मापं,” अण्णा म्हणाले. “द्यायचं एक आणि घ्यायचं एक.”

“काका, सगळ्याच कंपन्यांचं असं असतं.”

“सगळ्यांनी काटा मारला म्हणून काटा बरोबर होत नाही. आमच्या वेळी असल्या दुकानाला सील ठोकलं असतं.”

पोराने मालकाला बोलावलं. मालकाने चहा मागवला. सील ठोकायच्या गोष्टी करणाऱ्या माणसाला चहा पाजायचा, हे त्या गल्लीत कोणाला शिकवावं लागत नाही.

मग मोड. एक्सपी मोडमध्ये तबकडीवर एक तास मावतो, एसपीत दोन, एलपीत चार, ईपीत सहा आणि काही यंत्रांत आठ. तबकडी तीच, फक्त दर सेकंदाला तिच्यावर किती माहिती ओतायची ते कमी-जास्त करायचं. कंपनीच्या लेखी ही गिऱ्हाइकाला दिलेली निवड. पण आठ तास मावतात असं सांगितल्यावर एक तास रेकॉर्ड करणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. अण्णांनी ईपी सोडून बाकीच्या मोडांकडे चैनीच्या वस्तूंकडे बघावं तसं बघितलं. पोराने ईपीत घेतलेला नमुना लावून दाखवला. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याचे चौकोन झाले होते आणि ओठ हलले की चौकोन जागा बदलत होते. ईपीत दिवसभराचा कसोटी सामना एका तबकडीवर मावतो, चेंडू तेवढा मावत नाही.

संध्याकाळी बातमी नातेवाइकांत पसरली. न्यू जर्सीच्या मेहुण्यांचा फोन आला, “भाऊजी, तिकडे घेऊ नका, मी येताना आणतो. इथे सेल आहे.” अमेरिकेत सेल नाही असा काळ मेहुण्यांच्या आठवणीत नाही. पण अमेरिकेचं यंत्र एकशे दहा व्होल्टवर चालणार. त्याला एक ट्रान्सफॉर्मर लावायचा, तो यंत्राहून जड, आणि रात्रभर गुणगुणणार. ते सोसलं तरी अमेरिकेत टीव्हीची पद्धत एनटीएससी, पडद्यावर ५२५ रेघा. आपल्याकडे पाल, ६२५ रेघा. त्या यंत्राच्या ट्यूनरला आपलं एकही चॅनल कळणार नाही. ते टीव्हीखाली बसून सगळं ऐकेल, पण भाषा समजणार नाही.

आणि इथे आमच्या घराण्यात कधी नव्हे ते घडलं. दुबईचा भाचा वर आला. इतकी वर्षं लग्नाकार्यात अमेरिकेला पहिली पंगत आणि दुबईला दुसरी, असा अलिखित नियम होता. पण दुबईत व्होल्टेज आपलं, पाल आपलं, आणि तो दर सहा महिन्यांनी येतोही. आत्याबाईंनी, म्हणजे भाच्याच्या आजीने, हे पाल-एनटीएससी प्रकरण पाठ करून घेतलं आणि पुढे बरेच दिवस वाटेल त्या विषयात, “शेवटी रेघा जुळाव्या लागतात,” असं म्हणत राहिल्या.

दुबईच्या यंत्रालाही एक खोड होतीच, ती रिजन कोडची. डीव्हीडीवाल्यांनी जगाची वाटणी केलेली आहे. अमेरिका पहिल्या विभागात. युरोप, जपान आणि आखात दुसऱ्यात. आपण पाचव्यात. सोबत रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया, आफ्रिकेचा बराचसा भाग आणि, हो, पाकिस्तान. संयुक्त राष्ट्रसंघाला जे जमलं नाही ते सिनेमा कंपन्यांच्या वकिलांनी एका नकाशात करून दाखवलं. हा कोड मोडून मिळतो, हे तपकीर गल्लीत मालकाने चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर सांगितलं होतं. रिमोटवर चार आकडे दाबायचे, की आपण मंगोलियातून थेट विश्वनागरिक.

सांगलीच्या आत्याचा प्रश्न वेगळाच होता. “लाइट नसताना घेतं का रे रेकॉर्ड करून?” त्या दिवसांत तिकडे भारनियमनाचं वेळापत्रक पंचांगाशेजारी लावलेलं असे. यंत्राला टायमर लावून गावाला जाता येतं, हे यंत्र विकणाऱ्याचं ब्रीद. पण तबकडीवर लिहिता लिहिता वीज गेली तर झालेलं रेकॉर्डिंग जाऊ शकतं आणि कधी कधी तबकडीही. आत्याने वेळापत्रक ताडून बघितलं. तिच्या मालिकेची वेळ आणि लाइट जायची वेळ एकच निघाली. मग तिने रेकॉर्डरचा नाद सोडला आणि मालिका बदलली. एवढा सरळ विचार आमच्या घरात कोणी केला नाही.

लग्नाच्या कॅसेटचा प्रयोग मात्र दुकानातच करून बघायचा, असं बायकोने बजावलं होतं. लग्न १९८९ चं. कॅसेटला पावसाळ्यांनी पांढरी बुरशी धरलेली, ती पुसून घेतली. जुना व्हीसीआर रुमालातून काढून रिक्षात घातला. या खेपेला बायकोही आली. त्या काळच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरीचा चेहरा गुलाबातून उमलायचा, तसा तो उमलला. हॅलोजनच्या झोतात आमची सगळी वडीलधारी मंडळी डोळे किलकिले करून उभी होती. रेकॉर्डर व्यवस्थित लिहून घेत होता. अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला आणि यंत्र थांबलं. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. या कार्यक्रमाची नक्कल करण्यास मनाई आहे.

कारण नंतर कळलं. सिनेमाच्या विकतच्या कॅसेटींत चोरून नक्कल होऊ नये म्हणून सिग्नलमध्ये मुद्दाम एक गडबड घातलेली असते. ती दिसली की रेकॉर्डर हात आखडता घेतो. जुनी, ताणलेली घरगुती कॅसेटही अशीच थरथरता सिग्नल देते आणि भोळ्या यंत्राला वाटतं, हा चोरीचा माल. दुकानातल्या पोराने मला हळूच विचारलं, “साहेब, ओरिजिनल आहे ना?”

“लग्न ओरिजिनल आहे,” बायको म्हणाली. “नक्कल नको म्हणतंय, त्यात मला काही चूक दिसत नाही.”

पोराने सिग्नल सरळ करणारी एक डबी मध्ये जोडली आणि मंगलाष्टकं पार पडली. त्या डबीचे पैसे वेगळे.

शेवटी हार्ड डिस्कवालाच घ्यायचा, हे ठरलं ते समोरच्या काकांमुळे. काकांच्या यंत्रात तबकडीखेरीज पोटातही डिस्क होती आणि त्यावर घेतलेलं कापता, जोडता येत असे. जाहिराती काढून टाकायच्या आणि उरलेलं तबकडीवर उतरवायचं, यासाठी ती सोय. २९ जानेवारी २००६ ला कराची कसोटीत इरफान पठाणने पहिल्याच षटकाच्या शेवटच्या तीन चेंडूंवर सलमान बट, युनूस खान आणि मोहम्मद युसूफ यांना बाद केलं, तेव्हा काकांचं यंत्र चालू होतं. अख्ख्या सोसायटीने ते षटक त्यांच्याकडे जाऊन पुनःपुन्हा बघितलं. पुढे ती कसोटी आपण ३४१ धावांनी हरलो. काकांनी आधी जाहिराती कापल्या, मग पाकिस्तानची उरलेली फलंदाजी कापली, मग आपली फलंदाजी कापली. राहिलं ते एक षटक. काकांच्या घरात भारत कराचीला हरलेलाच नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनाही ही सोय असते, पण रिमोटवर नसते.

ते षटक काकांनी तबकडीवर घेऊन बंगळूरला जावयाला पाठवलं. जावयाचा प्लेयर म्हणाला, तबकडीच नाही. काका म्हणाले, आहे. फोनवर पुष्कळ खर्च झाल्यावर समजलं, की रेकॉर्डिंग झालं तरी तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागते, त्याशिवाय ती दुसऱ्या यंत्रात उघडत नाही. आणि एकदा का फायनलाइज केली, की साध्या तबकडीत पुढे भर घालता येत नाही. हे ऐकून अण्णांचा यंत्रावर पहिल्यांदा विश्वास बसला. सही-शिक्क्याशिवाय कागद पुढे जात नाही, हे तत्त्व मानणाऱ्या वस्तूत काहीतरी दम असणार, असं त्यांचं मत पडलं.

ऑगस्टमध्ये टाटा स्काय सुरू झालं आणि आमच्या गच्चीवर पहिली छत्री उगवली. त्याबरोबर नवा घोळ. केबलची वायर थेट रेकॉर्डरला लावली तर एक चॅनल बघत दुसरं रेकॉर्ड करता येतं. सेट टॉप बॉक्स मध्ये आला, की बॉक्सवर जे लागलंय तेच रेकॉर्ड होणार. म्हणजे मालिका रेकॉर्ड करायची तर तीच मालिका लावून बसायचं. चिरंजीव याला तंत्रज्ञानाची पीछेहाट म्हणाले. आईला मात्र ही पद्धत पसंत पडली. ती अशीच रेकॉर्ड करणार होती.

दसऱ्याच्या सुमारास भाचा यंत्र घेऊन आला. एकशे साठ जीबीची डिस्क. अण्णांनी त्याच दिवशी एक लांबोळकी वही आखली: तारीख, कार्यक्रम, मोड, आवक, जावक, शेरा. एसपीत अडुसष्ट तास, ईपीत दोनशे बहात्तर. टीव्हीमागे पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या पिनांचं जंजाळ वाढलं. त्यातली कुठली कशाची हे एकट्या चिरंजीवांना ठाऊक असल्याने घरातलं त्यांचं स्थान एकदम वधारलं. आवक जोरात सुरू झाली. जावकीचा रकाना कोरा. माझ्या मैफली आत जात होत्या, अण्णांचे सामने आत जात होते, ‘वादळवाट’ आईसमोरच आत जात होती. आणि वर्ष संपायच्या आत यंत्राने कळवलं, की जागा संपली, काहीतरी पुसा.

यंत्र घ्यायच्या बैठकीत एवढे वाद झाले नव्हते. त्या डिस्कवरचं कोणी काही पुन्हा बघितलं नव्हतं, पण कोणाचंही काही पुसायला कोणाची तयारी नव्हती. आई म्हणाली, गाणी पुसा. मी म्हणालो, सामने पुसा, निकाल सगळ्यांना माहीत आहेत. अण्णा म्हणाले, मालिकेचा तर निकालच लागत नाही. दोन तासांनी तोडगा निघाला. आधी बघायचं, मग पुसायचं. सुरुवात माझ्या मैफलीपासून.

संध्याकाळी सगळे हातपाय धुऊन बसले. गायकाने तानपुरे लावायला घेतले आणि आईचं लक्ष घड्याळाकडे गेलं. तिच्या मालिकेची वेळ झाली होती. “आजी, तू निवांत बघ,” चिरंजीव म्हणाले, “हे बघता बघता ते रेकॉर्ड होतं.” आमच्याकडे केबल होती, त्यामुळे होत होतं. पण डिस्क भरलेली. मालिकेला जागा करायची तर तेवढ्याच लांबीचं काहीतरी आत्ताच्या आत्ता पुसायला हवं होतं. समोर जे लागलं होतं तेच हाताशी होतं. गायकाचा षड्ज लागायच्या आत मैफल गेली आणि मालिका आत आली.

अण्णांनी वही काढली. आवक, अर्धा तास. जावक, अर्धा तास. दोन्ही बाजूंची बेरीज त्यांनी दोनदा पडताळली, खाली रेघ ओढली आणि दसऱ्यापासून प्रथमच समाधानाने चष्मा घडी करून ठेवला.